लोकर, श्रम आणि गीत

लोकगीतांचा संग्रह करणाऱ्यापुढे एक प्रश्न नेहमी उभा असतो. गीत टिपून घ्यायचे म्हणजे नेमके काय टिपायचे? नुसते शब्द टिपले तर चाल मागे राहते. शब्द आणि चाल दोन्ही टिपली, तरी ज्या कामाच्या ओघात ते गीत म्हटले गेले ते काम मागेच राहते. अशा सुट्या झालेल्या गीताला मग संग्राहक नवे घर पाहून देतो. कोणी ते वाद्यांच्या साथीत बसवतो, कोणी अलंकृत भाषांतरात, तर कोणी विषयवार प्रकरणांत. मार्गारेट फे शॉ ह्यांचा 'साउथ यूइस्टची लोकगीते आणि लोकवार्ता' हा इंग्रजी ग्रंथ १९५५ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा परामर्श इतक्या वर्षांनी घेण्याचे कारण हे, की वरील प्रश्नाला त्याने दिलेले उत्तर अद्याप जुने झालेले नाही, आणि ते आपल्याही उपयोगाचे आहे.

ग्रंथाकडे वळण्यापूर्वी त्याच्या भूमीचा थोडा परिचय करून घेणे अवश्य आहे. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडे, अटलांटिक महासागरात, बाह्य हेब्रिडीज नावाची द्वीपमाला आहे. साउथ यूइस्ट हे तिच्यातील एक अरुंद बेट; लांबी सुमारे ३५ किलोमीटर. पश्चिमेस शिंपल्यांच्या वाळूवर पसरलेली सपाट कुरणे, पूर्वेस खडकाळ डोंगर, मध्ये तळी आणि दलदल. लोकांची भाषा गेलिक आणि धर्म बहुतांशी रोमन कॅथलिक. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास येथील जमीनदाराने कितीतरी कुळांना घरादारासह उठवून जहाजांनी कॅनडाला धाडले. जे मागे राहिले त्यांना १८८६ च्या कायद्याने आपापल्या तुकड्यावर टिकून राहण्याचा हक्क मिळवून दिला. ह्या तुकड्याला 'क्रॉफ्ट' म्हणतात. काही एकर हलकी जमीन, ओट आणि बटाट्याचे पीक, एकदोन गाई, आणि गावाच्या सामाईक डोंगरावर सोडलेल्या थोड्या मेंढ्या, असा हा संसार. तेवढ्यावर पोट भरत नसे, म्हणून पुरुष मासेमारीस किंवा जहाजांवरील नोकरीस जात. अंगावरचे जाड लोकरी कापड मात्र दीर्घ काळपर्यंत घरच्याच मेंढीचे असे.

शॉबाई मूळच्या अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या. जन्म १९०३ चा. पियानोचे शिक्षण घेतलेल्या ह्या मुलीने स्कॉटलंडमधील एका शाळेत असताना हेब्रिडीजच्या गीतांचा एक कार्यक्रम ऐकला. गायिका होत्या त्या काळी गाजलेल्या मार्जरी केनेडी-फ्रेझर. गाणी गोड होती. पण ह्यांच्यामागे दुसरेच काही तरी असावे आणि ते अधिक चांगले असावे, असे त्या मुलीला वाटले. ते दुसरे काही शोधीत ती पुढे ह्या बेटावर आली. बेटाच्या दक्षिणेस ग्लेनडेल येथे पेगी आणि मारी मॅक्रे ह्या दोघी बहिणी क्रॉफ्ट सांभाळून राहत. त्यांच्या गवताने शाकारलेल्या घरी ती १९२९ ते १९३५ अशी सहा वर्षे राहिली, गेलिक शिकली, शेतातल्या कामात हातभार लावू लागली, आणि चुलीपाशी बसून त्या बहिणींच्या तोंडची गाणी स्वरांसह लिहून घेऊ लागली. ग्रंथ प्रसिद्ध व्हायला पुढे आणखी वीस वर्षे लागली.

ग्रंथाची मांडणी पाहताच त्याचे वेगळेपण ध्यानी येते. तो गाण्यांनी सुरू होत नाही. प्रथम बेटावरील जीवनाचे वर्णन येते: शेतीचे हंगाम, जळणासाठी दलदलीतून कापून वाळवायची पीट नावाची माती, घराची रचना, सणवार. प्रार्थना, म्हणी, घरगुती औषधे, खाद्यपदार्थांच्या कृती, रंग देणाऱ्या वनस्पती, हे सारे त्याच ग्रंथात आहे. बाईंनी स्वतः काढलेली छायाचित्रेही सोबत आहेत. गाणी ह्या सर्वांच्या शेजारी बसतात. स्वरलेखन साधे आहे. मूळ गेलिक आणि त्याचे सरळ, अलंकरणाचा मोह टाळणारे इंग्रजी भाषांतर एकत्र दिले आहे. वरवर पाहणाऱ्याला ही पसाऱ्याची मांडणी वाटेल. वस्तुतः तीच ह्या ग्रंथाची समीक्षादृष्टी आहे. रंगाची कृती आणि गाण्याची ओळ एकाच घरातून, एकाच बाईकडून मिळाली असेल, तर ती दोन वेगळ्या शास्त्रांत वाटून टाकण्याचा अधिकार संग्राहकाला नाही, अशी तिची भूमिका दिसते.

ह्या भूमिकेचे मर्म कळण्यासाठी त्या बेटांवरचे कापड कसे तयार होई ते पाहिले पाहिजे. मेंढीची लोकर कातरून धुतल्यावर बहुधा ती तशीच, सूत काढण्याआधी, रंगवीत. तांबूस तपकिरी रंग खडकांवर वाढणाऱ्या एका दगडफुलापासून मिळे. आपल्या गोड्या मसाल्यात पडणारे दगडफूल ह्याच्याच कुळातले. ते खडकावरून खरवडून काढायचे, मोठ्या लोखंडी हंड्यात लोकरीचा एक थर आणि दगडफुलाचा एक थर असे रचायचे, आणि उघड्यावर पीटच्या विस्तवावर तासन्‌तास उकळायचे. पिवळा रंग रानातल्या झुडपांपासून मिळे. निळ्यासाठी मात्र बाहेरून आलेली नीळ विकत घ्यावी लागे. दगडफूल खडकावरून आले म्हणून ते खडकाकडेच परत जाऊ पाहते, असा कोळ्यांचा समज होता. त्यामुळे ह्या रंगाचे मोजे घालून समुद्रावर जाण्यास ते भीत. मग लोकरीला तेल चोळणे, ती पिंजणे, चरख्यावर कातणे आणि मागावर विणणे. काही वाया जात नसे, कारण वाया घालवण्याइतके कोणाजवळ काही नव्हते. आज ज्याला आपण टिकाऊ उत्पादन म्हणतो त्याचा हा मूळ अर्थ आहे. तो येथे तत्त्व म्हणून आलेला नाही. गरज म्हणून आलेला आहे.

मागावरून उतरलेले कापड सैल, तेलकट आणि खरखरीत असे. ते घट्ट आणि ऊबदार करण्यासाठी शेवटचा संस्कार लागे तो चोळणीचा. साठवून आंबवलेल्या मानवी मूत्रात कापड भिजवीत. त्यातील क्षारामुळे तेल सुटे आणि रंग पक्का होई. शेजारपाजारच्या बायका एका लांब फळीभोवती समोरासमोर बसत. पुष्कळदा हे काम बिजागरीवरून काढलेल्या दारावरच भागवीत. ओले, जड कापड फळीवर आपटायचे, चोळायचे, आणि सूर्याच्या गतीने शेजारणीकडे सरकवायचे. मधूनमधून बोटाने पन्हा मोजून कापड किती आटले ते पाहत. पुरेसे आटेपर्यंत हे काम चाले, आणि काम चाले तोवर गाणे चाले. चोळणीची गाणी म्हणून ओळखला जाणारा गेलिक काव्यप्रकार ह्या फळीभोवती जगला. बायका कामाचा अंदाजही गाण्यांत सांगत: अजून दोन गाणी लागतील, तीन लागतील. गाणे हे कामाचे माप झाले होते.

गाण्याची घडणही कामानेच ठरवलेली आहे. एक बाई ओळ म्हणते, बाकीच्या पालुपद म्हणतात. पालुपद बहुधा निरर्थक अक्षरांचे असते. पण ही अक्षरे वाटेल तशी नसतात. प्रत्येक गाण्याची अक्षरे ठरलेली, आणि त्यांवरूनच गाणे ओळखले जाते. पालुपद चालू असताना म्हणणारीला पुढची ओळ आठवायला किंवा जुळवायला सवड मिळते. एकाच बैठकीत तेच गाणे पुन्हा म्हणणे अशुभ मानीत. त्यामुळे गाण्यांचा साठा मोठा ठेवावाच लागे, आणि सतराव्या शतकातील घटनांचे उल्लेख असलेली गाणी विसाव्या शतकापर्यंत तोंडी टिकली, ह्याचे एक कारण तेथे सापडते. आरंभीची गाणी संथ, पुढची जलद, आणि शेवटी टाळ्यांची गाणी, ज्यांत गावच्या तरुण मुलींची नावे तरुण मुलांशी जोडून थट्टा चाले. शोकापासून थट्टेपर्यंतचा हा क्रम कोणा कवीने योजलेला नाही. ओल्या, जड कापडापासून आटत आलेल्या, जलद हलणाऱ्या कापडापर्यंतचा तो क्रम आहे.

ह्या प्रकारातील एक प्रसिद्ध गाणे उदाहरणादाखल घेऊ. भरतीत बुडणाऱ्या खडकावर एका स्त्रीला तिची मत्सरी सोबतीण मुद्दाम सोडून जाते. पाणी चढत असताना ती आपल्या मुलांचा विचार करते. अंगावर पिणारे तान्हे मूल रात्री दूध मागेल, हे तिच्या मनात येते. विषय असा हृदय पिळवटणारा; पण प्रत्येक ओळीनंतर तेच अर्थहीन पालुपद, तोच कापडाचा धपका. कागदावर वाचणाऱ्याला ही विसंगती वाटते. फळीपाशी ती विसंगती राहत नाही. लय दुःखासाठी थांबत नाही, कारण काम थांबत नाही. आणि थांबत नाही म्हणूनच त्या दुःखाला गळा काढून रडण्याचे रूप येत नाही. भरती जशी ठरलेल्या गतीने चढते तसे गाणे चढत जाते. एकीने सांगितलेले दुःख दहा जणी पालुपदातून उचलून धरतात. ते कोणा एकीचे उरत नाही. करुणरसाचा हा संयम कवीच्या प्रतिभेइतकाच हातातल्या कामाने घडवलेला आहे. काम काढून घेतले की हा संयम समजावून सांगावा लागतो.

केनेडी-फ्रेझरबाईंच्या पद्धतीतील उणीव येथे स्पष्ट होते. त्या १९०५ साली साउथ यूइस्टला लागून असलेल्या एरिस्के बेटावर प्रथम गेल्या, आणि १९०९ पासून त्यांचे 'हेब्रिडीजची गीते' हे खंड केनेथ मॅक्लाउड ह्यांच्या सहकार्याने निघू लागले. पियानोची साथ, धूसर स्वप्नाळू शब्दकळा आणि मैफलीला शोभेल असा विलंब, ह्यांनी ती गीते दिवाणखान्यात आणून बसवली. जेथे दहा हात एकदम आपटत होते तेथे दोन हात पियानोवर फिरू लागले. लय सैल झाली, पालुपद हे नुसते नाद-माधुर्य झाले, आणि श्रमाची जागा हुरहुरीने घेतली. न्यायाने हेही सांगितले पाहिजे, की त्यांनी ध्वनिमुद्रण-यंत्र सोबत नेऊन मेणाच्या नळ्यांवर मूळ आवाज धरून ठेवले, आणि ज्या काळात ह्या गाण्यांकडे बाहेरचे कोणी ढुंकून पाहत नव्हते त्या काळात त्यांना श्रोता मिळवून दिला. शॉबाईंना ह्या बेटाची वाट प्रथम त्यांच्याच गाण्याने दाखवली. परंतु वाट दाखवणे वेगळे आणि घरी राहणे वेगळे. ऐकणाऱ्याला रुचेल असे गीत करून देणे हा एकीचा मार्ग. गाणारीने जे दिले ते तिच्या कामासह नोंदणे हा दुसरीचा.

शॉबाईंचा ग्रंथ निर्दोष आहे असे नाही. त्यातील सूर सर्वत्र स्नेहाचा आहे. आणि स्नेहाचा सूर दारिद्र्याचे टोक थोडे बोथट करतो. उघड्यावरच्या रंगाच्या हंड्याला छायाचित्रात शोभा येते. तो ढवळणारीची कंबर छायाचित्रात दिसत नाही. पाहुणी कितीही घरची झाली तरी तिला परत जाण्याची वाट मोकळी असते, आणि मॅक्रे भगिनींना ती नव्हती. हा भेद वाचकाला स्वतःच ध्यानी ठेवावा लागतो. चोळणीच्या गाण्यांचे छंद, त्यांतील जुन्या-नव्या थरांची मिसळण, ह्यांची शास्त्रीय चिकित्सा हा ह्या ग्रंथाचा हेतू नाही. ती पुढे त्यांचे पती जॉन लॉर्न कॅम्बेल आणि संगीतज्ञ फ्रान्सिस कॉलिन्सन ह्यांनी 'हेब्रिडियन फोकसाँग्ज' ह्या १९६९, १९७७ आणि १९८१ साली निघालेल्या तीन खंडांत केली. परंतु त्या खंडांतील चिकित्सा वाचताना शॉबाईंचे पान शेजारी उघडे असेल तरच फळीचा आवाज ऐकू येतो. चिकित्सेने गाण्याची वंशावळ कळते. त्याचा दिवस कसा गेला ते ह्या ग्रंथातून कळते.

ह्या नोंदीचे मोल काळाने वाढवले आहे. हेब्रिडीजमधील लोकरी कापडाची पुढची कथा उत्तरेकडील हॅरिस आणि लुईस ह्या भूभागांत घडली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हॅरिसच्या जमीनदार घराण्यातील लेडी डनमोर ह्यांनी तेथील घरगुती कापडाला श्रीमंत गिऱ्हाईक मिळवून दिले. नक्कल होऊ लागली तेव्हा क्रॉस बसवलेल्या गोलाचे व्यापारचिन्ह १९१० साली नोंदवण्यात आले. १९३४ साली नियम बदलून बेटांवरील गिरणीत काढलेल्या सुतालाही मान्यता मिळाली. १९९३ च्या ब्रिटिश कायद्याने 'हॅरिस ट्वीड' ह्या नावाला संरक्षण दिले. त्या कायद्याची व्याख्या सांगते, की कापड शुद्ध नव्या लोकरीचे असावे. ती लोकर बाह्य हेब्रिडीजमध्येच रंगवलेली व कातलेली असावी. विणकाम बेटवासीयांनी आपल्या घरी हाताने करावे, आणि शेवटचे संस्कारही त्याच बेटांवर व्हावेत. म्हणजे विणकराचे घर कायद्याने वाचवले. त्याचे फळही मिळाले. पायाने चालणारे माग आजही त्या बेटांवरील घरांशेजारच्या खोपटांतून खडखडत असतात.

परंतु चोळणीचे काम गिरणीकडे गेले. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे फळीभोवतीची बैठक ही गरज म्हणून जवळजवळ संपली. कायदा कापडाचा प्रत्येक टप्पा कुठे व्हावा हे सांगतो, पण दहा बायकांनी एकत्र बसावे असे कोणताही कायदा सांगू शकत नाही. आणि त्या कष्टातून सुटलेल्या बायकांना परत तेथे बसा म्हणण्याचा अधिकारही कोणाला नाही. अशा वेळी गाण्यासाठी एवढेच करता येते, की ते कोणत्या कामाचे होते, कोणाच्या तोंडचे होते आणि कसे म्हटले जाई, ह्याची प्रामाणिक नोंद राहावी. शॉबाईंनी ती काम चालू असतानाच करून ठेवली. आज त्या बेटांवरील तरुण गायिका ही गाणी पुन्हा म्हणतात, मंचावर फळी मांडूनही म्हणतात. पण ती आपटताना हाताला कुठले वजन जाणवायला हवे हे त्यांना अशा नोंदींतूनच समजून घ्यावे लागते.

मराठी वाचकाला येथे आपल्या जात्यावरच्या ओवीची आठवण न झाली तरच नवल. दोहोंत भेद मोठा आहे. चोळणीचे गाणे दहा जणींचे आणि पालुपदाचे. ओवी पहाटेच्या अंधारात एकीची किंवा समोरासमोर बसलेल्या दोघींची. तेथे दुःख मेळ्यात वाटले जाते. येथे ते जात्याला, विठोबाला, दूर असलेल्या आईला किंवा भावाला सांगितले जाते. म्हणून ओवीचा स्वर अधिक अंतर्मुख आहे. परंतु दोन्ही प्रकारांचे भाग्य एकच झाले: पिठाची गिरणी आली आणि जाते थांबले. साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन'मध्ये ओव्या विषयवार लावून त्यांतील भावजीवन मध्यमवर्गीय वाचकाच्या दारी आणले, हे त्यांचे ऋण मोठे आहे. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइटवॅं ह्यांनी १९८० च्या दशकापासून गावोगाव हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करवल्या, आणि गाणारीचे नाव व गाव ह्यांची नोंद ठेवली. शॉबाईंच्या मार्गाशी जुळणारे काम आपल्याकडे शोधायचे तर ते हे आहे. ओवीला गाणारीचे नाव परत मिळाले, ही साधी गोष्ट नव्हे.

महाराष्ट्राबाहेर नोकरीनिमित्त राहणाऱ्या आपल्यासारख्यांना ह्या विवेचनात विशेष स्वारस्य असावे. दिल्ली, नागपूरपलीकडचे रायपूर, कलकत्ता, कुठेही गेलो तरी आपल्या मंडळांच्या वार्षिक उत्सवात ओवीला एक मानाची जागा असते. मंचावर रंगवलेले जाते येते, नऊवारी नेसलेल्या दोघीजणी त्याचा खुंटा धरतात, पेटी-तबल्याची साथ असते, आणि जाते हलके असते. त्यात गैर काही नाही. परगावी आपल्या भाषेचा एक सूर कानी पडावा ही इच्छा प्रामाणिक आहे. परंतु आपण तेथे केनेडी-फ्रेझरबाईंच्याच वाटेने चाललो आहोत, हे जाणून चालावे. मुलांना ओवी ऐकवताना दाणे पायलीने मोजून दळावे लागत, खुंटा दोघींनी ओढला तरी खांदा भरून येई, आणि ओवीच्या चरणाची लांबी जात्याच्या फेऱ्याशी बांधलेली असे, हेही सांगता आले पाहिजे. ते सांगणाऱ्या आज्या बऱ्याच घरांतून आता उरलेल्या नाहीत. काही घरांतून अजून आहेत. त्यांच्याजवळ वही घेऊन बसण्यास मोठी विद्वत्ता लागत नाही. ग्लेनडेलच्या चुलीपाशी वही घेऊन बसलेली ती मुलगीही तेव्हा विदुषी नव्हती.

शॉबाई २००४ साली, वयाच्या १०१ व्या वर्षी वारल्या. त्या आणि त्यांचे पती ज्या कॅना बेटावर १९३८ पासून राहिले, ते बेट आपल्या संग्रहासह त्यांनी १९८१ साली स्कॉटलंडच्या राष्ट्रीय न्यासाला देऊन टाकले. ग्रंथकर्त्या म्हणून त्यांचा लौकिक मुख्यतः ह्या एका ग्रंथावर उभा आहे, आणि तो पुरेसा आहे. चोळणीच्या गाण्यांहून अधिक विद्वत्तेचे ग्रंथ नंतर झाले, अधिक गोड गायनही झाले. पण लोकर, रंग, फळी, हात आणि गाणे ही एकाच वस्तूची अंगे आहेत, हे इतक्या साधेपणाने दाखवणारे पुस्तक क्वचितच वाचावयास मिळते. लोकसाहित्याच्या अभ्यासकाने ते वाचावेच. आणि ज्याच्या घरी अद्याप ओवी येणारे कोणी आहे त्याने ते वाचून झाल्यावर लगेच एक कोरी वही विकत घ्यावी.